रविवार दुबईतला, लग्न शहापुरातलं

मित्र मुरबाडचा, दुबईत वेल्डर. तिकडे आधी शुक्रवारची सुट्टी असायची, २०२२ पासून शनिवार-रविवारची झाली. परवाच्या रविवारी त्याच्या खोलीतल्या वसईकराचं चर्चमध्ये लग्न होतं. तिथे गिटारवर गाणी झाली, आणि जेवणाच्या हॉलमध्ये आमच्या गड्याने ढोलकी ओढून घेतली. भजनी मंडळातला माणूस, हात थांबतोय होय!

संध्याकाळी दुसरं लग्न, सख्ख्या भाचीचं, आपल्या शहापूर तालुक्यात. ते त्याने व्हिडिओ कॉलवर पाहिलं. मोबाईल मीच धरला होता. अक्षता पडल्या, बेंजो सुरू झाला, हा तिकडे डोळे पुसतोय. तेवढ्यात त्याला मांडवामागचा टँकर दिसला.

"भावा, लग्नाला पण टँकर?"

भातसा आणि तानसा याच तालुक्यात. त्यांचं पाणी मुंबई पिते, आणि इथे मे महिन्यात मुलीचा बाप आचाऱ्याआधी टँकरवाला ठरवतो. दुबईत समुद्राचं खारं पाणी गोडं करून नळाला येतं. या प्रश्नावर वीस वर्षं बातम्या लिहितोय मी, पण त्याला काय सांगणार?

मोबाईल नवरीकडे फिरवला.