रिकाम्या पाण्याकडे पाहताना

'द शॅलोज' (2016) या हॉलीवूडपटात बराच काळ शार्क दिसतच नाही. दिसतो तो ब्लेक लाइव्हलीचा चेहरा. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर खडकावर अडकलेली, मांडी फाटलेली वैद्यकीय विद्यार्थिनी, आणि बोलायला सोबत एक जायबंदी समुद्रपक्षी. शार्क संगणकावर रचलेला. म्हणजे ही अभिनेत्री रिकाम्या पाण्याकडे पाहून भ्यायली. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने 52 पात्रे उभी करीत. जात तीच, फक्त येथे न दिसणारे पात्र एकच, आणि तेही मुके. (मृत आईचे उपकथानक मात्र उपरेच वाटते.)

राजुऱ्यात बसून हा चित्रपट पाहताना मन वेगळ्याच जागी अडले. ऑक्टोबर 2020 मध्ये आरटी-1 हा वाघ येथे जेरबंद झाला, तोवर अनेक माणसे गेली होती. नायिका घड्याळ लावून शार्कच्या फेऱ्या मोजते, भरतीचा अंदाज बांधते. मोहफुले वेचणाऱ्या बाईला असे वेळापत्रक कुठले? ती वाकलेली असते, नजर जमिनीवर. तिचे भय चेहऱ्यावर उमटण्यापूर्वीच पाठीमागून सारे घडून जाते. आणि वाचलेल्या बायकांना दुसऱ्या पहाटे टोपली घेऊन त्याच झाडाखाली जायचे असते.