चहाचा डबा

आषाढ लागला की कोल्हापुरात पावसाची झड बसते. पंचगंगा दुथडी भरून वाहू लागते, घराच्या भिंतींना ओल येते, मिठाला पाणी सुटते आणि गुळाची ढेप पाझरू लागते. अशा दिवसांत स्वयंपाकघरातील एका लहानशा वस्तूची खरी परीक्षा होते. ती वस्तू म्हणजे चहाचा डबा.

मंगळवार पेठेतील एका घरी एके वर्षी नवा सुटा चहा आला. घरातील मुलाने तो मोठ्या हौसेने काचेच्या बरणीत भरला आणि ती बरणी चुलीजवळच्या फळीवर, वर्षाच्या चटणीशेजारी ठेवून दिली. डंकावर कुटलेली कांदा-लसणाची चटणी ती! पंधरा दिवसांनी पाहुणे आले. चहा झाला आणि पहिल्याच घोटाला पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिले. चहाला लसणाचा वास येत होता. मुलगा ओशाळला. आजी मात्र रागावली नाही. "अरे बाळा, चहा शेजाऱ्याचा गुण घेतो," एवढेच ती म्हणाली, आणि माळ्यावरचा पत्र्याचा जुना डबा काढून तिने त्याच्या हाती दिला.

आजीचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. कारखान्यात चहाची पाने इतकी वाळवितात की, शंभर भागांत पाण्याचे सुमारे ३ भागच उरतात. अशी शुष्क पाने भोवतालची ओल आणि वास झटकन शोषून घेतात. चीनमधील सुगंधी चहा ह्याच गुणामुळे सिद्ध होतो. तेथे मोगऱ्याच्या कळ्यांच्या सहवासात पाने ठेवतात आणि पाने सुगंधित होतात. गुण तोच, सोबत मोगऱ्याची की लसणाची, एवढाच काय तो भेद!

उजेड, उष्णता आणि हवा हेही चहाचे वैरी होत. पूर्वी चीनमधून गलबतांनी चहा युरोपात जाई, तेव्हा लाकडी पेट्यांना आतून शिशाचा पत्रा लावीत. घरच्या डब्यालाही हाच न्याय लागू आहे. तो आरपार न दिसणारा असावा, त्याचे झाकण घट्ट बसावे आणि आकार चहाच्या मानाने असावा; कारण अर्ध्या रिकाम्या डब्यात हवाच अधिक कोंडते. मसाल्याचा जुना डबा कितीही घासला, तरी तो चहाच्या उपयोगाचा नाही. चमचाही कोरडाच हवा.

वासाच्या संगतीने चहा बिघडतो. माणसाच्या स्पर्शाने मात्र तो कधीच बिघडत नाही. हे कोल्हापूरला एका राजाने शिकविले. राजर्षी शाहू महाराजांच्या (१८७४–१९२२) काळी गंगाराम कांबळे ह्यांनी शहरात चहाचे दुकान काढले. परंतु अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा घेण्यास लोक धजेनात. तेव्हा महाराज स्वतः त्या दुकानी गेले, त्यांनी सर्वांदेखत चहा घेतला आणि सोबतच्या मंडळींनाही पाजला.

पुढच्या आषाढात त्या घरी पुन्हा पाहुणे आले. मुलाने पत्र्याच्या डब्याचे झाकण उघडले, तोच चहाचा स्वच्छ दरवळ घरभर पसरला. आजी हसून म्हणाली, "बाळा, डब्याचे झाकण घट्ट लाव, दार मात्र उघडेच राहू दे. अजून कोणी येईल."