टेकडीवरचे पंढरपूर

देव चराचरात भरलेला आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मोबाइलच्या रेंजचे तसे नाही, हे मात्र खोडाळ्यास राहिल्यावाचून कळावयाचे नाही! २०२० साली आमच्या घरात देव होता, रेंज नव्हती. तिच्यासाठी गावाबाहेरची टेकडी चढावी लागे.

त्या वर्षी महामारीमुळे पंढरीचे मंदिर मार्चपासूनच बंद होते आणि पायी वारी रद्द झाली होती. ज्ञानोबा-तुकोबांच्याच नव्हे, तर आमच्या शेजारच्या त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांच्या पादुकाही एसटीच्या बसने पंढरपुरास गेल्या. याच नाथांच्या दिंडीतून अप्पांनी जन्मभर वारी केलेली. १ जुलैस आषाढी एकादशी उजाडली, तेव्हा ते ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी म्हणालो, "अप्पा, टेकडीवर चला. मोबाइलवर विठोबा दाखवतो."

"चित्रच ना ते?" अप्पा म्हणाले, पण उठले.

चिखल तुडवीत वर पोहोचलो, तो तेथे आधीच पाच-सात मंडळी छत्र्या धरून उभी! सारी दूर दूर, तोंडाला फडकी बांधून. माझ्या हातातल्या काचेवर विटेवरची मूर्ती उमटली आणि अप्पांनी चपला काढल्या. ओशाळून मीही काढल्या. मग सवयीने त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्याच्या पायांकडे हात नेले, तो म्हातारा झटकन मागे सरला. रोगाचे भय! अप्पांचे डोळे भरून आले. "देव दिसला रे, पण पाया पडायला माणूस मिळेना," ते म्हणाले. मग चार हातांवरूनच त्यांनी चिखलात डोके टेकले. पलीकडे म्हाताऱ्यानेही टेकले.

यंत्रातून पाहिल्याने देव बाटतो, असे मला कधीच वाटले नाही. नामदेवाच्या पायरीवर माथा टेकून, कळस पाहून समाधानाने परतणारे वारकरी देवाला दुरूनच भेटत आले आहेत. परंतु वय, जात, मान न पाहता एकमेकांच्या पाया पडणे, हे वारीचे दुसरे दर्शन. ते काचेत मावत नाही. त्या दिवशी त्याचा जो अंश आम्हांला लाभला, तो मोबाइलमुळे नव्हे. टेकडी चढावी लागली म्हणून!

१६ नोव्हेंबरला मंदिर उघडले. पुढे आमच्या ओटीवरही रेंज आली. आता मी अंथरुणात पडल्या पडल्या, चहा निवेपर्यंत विठोबाचे दर्शन घेतो आणि त्याच बोटाने त्याला वर सरकवून देतो. गेल्या आषाढीस अप्पांपुढे मोबाइल धरला. गुडघ्यांमुळे ते आता ओटीखाली उतरत नाहीत. त्यांनी काचेकडे पाहिले, मग माझ्या पायांतल्या चपलांकडे.

"टेकडीवर कोण कोण आलंय, बघून ये," ते म्हणाले.

मी गेलो. टेकडीवर कोणीही नव्हते. असणार तरी कोण? रेंज आता ज्याच्या त्याच्या ओटीवर आली होती! खाली जाऊन अप्पांना काय सांगावे, हे मला बराच वेळ सुचले नाही.