होळी, जून महिन्यातली

हेलसिंकीच्या वकिलातीत लेखनिक म्हणून रुजू झालो, तेव्हा उन्हाळा म्हणजे माठ, वाळा आणि दुपारची झोप एवढीच माझी समजूत होती. तेथे मेअखेरीस सूर्य रात्री दहानंतर मावळतो. झोप येईना, म्हणून मी धावू लागलो. त्योलो खाडीच्या काठाने पन्नाशीचा एक फिन गृहस्थ रोज माझ्या बरोबरीने धावे. जवळजवळ महिनाभर आम्ही एक शब्द बोललो नाही. तिकडे याला मैत्री म्हणतात, हे मला मागाहून कळले.

एकदा वाटेतल्या जुन्या क्रीडागृहापाशी मी थांबलो. १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचे कांस्यपदक मिळवले, ते येथेच. "ते माझ्या कऱ्हाड तालुक्याचे," मी त्याला सांगितले. त्याने क्षणभर इमारतीकडे, मग माझ्याकडे पाहिले आणि युहान्नुसला, म्हणजे त्यांच्या भर उन्हाळ्यातल्या सणाला, आपल्या घरी बोलावले. त्या दिवशी सारे शहर ओस पडते. एरवी मी खोलीतच बसून राहिलो असतो.

आगगाडीने दोन तासांवर, सरोवराकाठी त्याचे लाकडी घर होते. रात्री साडेदहाच्या उजेडात पाण्याच्या कडेला भलीमोठी होळी पेटली. मंडळी मात्र हात बांधून गप्प उभी! माझ्याने राहवेना. तोंडावर हात नेऊन मी खच्चून बोंब ठोकली. पलीकडच्या अरण्यातून ती परत आली.

कोणी हसले नाही. मित्राची म्हातारी आई काठी टेकीत जवळ आली आणि हात नेमका कसा धरायचा, असे तिने मुलाकरवी मला विचारले.