पंच्याहत्तरीनंतरची लस

ती. अण्णामामांस,


नागिणीच्या लसीबद्दल तुम्ही लिहिलंत, "पंच्याहत्तरी उलटल्यावर टोचून घेणं म्हणजे वाळूत पाणी ओतणं." यातलं निम्मं खरं आहे, म्हणूनच ते मनातून निघत नाही. वय झालं की शरीर लसीला पूर्वीसारखी दाद देत नाही. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. रोगजंतू ओळखणाऱ्या टी-पेशी तिथे तयार होतात. ही ग्रंथी तरुणपणापासूनच आक्रसते आणि तिची जागा चरबी घेते. त्यामुळे उतारवयात, कधी न पाहिलेल्या जंतूशी भिडतील अशा कोऱ्या पेशींचा साठा तुटपुंजा उरतो. जुन्या शत्रूंची आठवण मात्र बरीचशी शिल्लक असते. ती पेंगुळलेली असते, पुसलेली नसते. माझं सगळं म्हणणं या फरकावरच उभं आहे.

नागीण हा असाच जुना शत्रू. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि पहारा ढिला पडला की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर उतरतो. म्हणून पुरळ एकाच बाजूला, पट्ट्यासारखं उठतं. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, या भीतीत तथ्य नाही. शरीराची मधली रेघ तो पट्टा सहसा ओलांडतच नाही. भ्यायचं ते नंतरच्या वेदनेला. खपल्या पडून गेल्यावरही ती महिनोन्महिने राहू शकते, सदऱ्याचा नुसता स्पर्श सोसवत नाही, आणि वयाबरोबर तिचा धोका वाढतच जातो.

या रोगावरची पहिली लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची होती. अमेरिकेत 38,000 हून अधिक लोकांवर झालेल्या तिच्या चाचणीचे निष्कर्ष 2005 साली आले. साठी ते एकोणसत्तरीच्या लोकांत नागीण 64 टक्क्यांनी घटली, सत्तरीपुढे फक्त 38 टक्क्यांनी. गोष्ट इथेच संपली असती, तर मी तुमचं म्हणणं मुकाट्याने मान्य केलं असतं. पण पुढची लस, शिंग्रिक्स, वेगळ्या विचाराने बांधली गेली. तिच्यात जिवंत विषाणू नाही, त्याच्या अंगावरचं एकच प्रथिन आहे. सोबत पेशींना चेतवणारं मिश्रण आहे. त्यातला एक घटक चिलीतल्या क्विलाया झाडाच्या सालीतून येतो. आपल्या रिठ्यासारखीच ही साल पाण्यात घुसळली की फेस धरते. दुसरा घटक साल्मोनेला जिवाणूच्या आवरणातून घेऊन सौम्य केलेला. पेंगुळलेल्या पहाऱ्याला हलवून जागं करायचं काम ही जोडी करते. 2016 साली आलेल्या चाचणीत सत्तरीतल्या लोकांत ही लस 90 टक्के परिणामकारक ठरली आणि ऐंशीपुढच्यांत 89 टक्के.

तुम्ही म्हणाल, दोन चाचण्या, दोन वेगळे जमाव, मग तुलना कशी? आक्षेप रास्त आहे. म्हणून मी 38 शेजारी 90 ठेवत नाही. प्रत्येक चाचणीच्या आतली घसरण पाहते. पहिल्या लसीचा जोर वयाबरोबर बराच घटला, दुसरीचा जेमतेम ढळला. म्हातारपण दोन्हीकडे तेच होतं. कमी पडली ती पहिल्या लसीची हाक.

हे प्रत्येक लसीला लागू पडेल असं मात्र मी म्हणणार नाही. नागिणीच्या बाबतीत आठवण आधीपासून असते. अगदी नव्या जंतूसमोर कोऱ्या पेशींची उणीव भासणारच. फ्लूचा विषाणूही रूप पालटत राहतो. तिथे पासष्टीपुढच्यांना चौपट मात्रेची लस दिल्यावर नेहमीच्या लसीपेक्षा आजार 24 टक्क्यांनी कमी झाला, असं 2014 च्या मोठ्या चाचणीत दिसलं. लाभ खरा, पण बेताचा.

त्रासाचंही लपवत नाही. शिंग्रिक्सच्या दुसऱ्या एका चाचणीत पहिल्या आठवड्यात शंभरातल्या सतरा जणांना रोजची कामं अडावीत इतका त्रास झाला. नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांत असे तीनच होते. दंड ठणकतो, अंग मोडून येतं, कधीकधी ताप येतो, आणि दोन-तीन दिवसांत बहुधा उतरतो. खर्चाच्या मुद्द्यावर मात्र मी हरले. आपल्या सरकारी लसीकरणात ही लस नाही आणि पेन्शनीतून ती घेणं जड जातं, हा अन्यायच आहे. पण परवडत नाही हे एक कारण झालं आणि उपयोग नाही हे दुसरं. तुम्हाला पहिलं अडवत असेल तर तसं सांगा, आपण मिळून सोय पाहू.

दोन मात्रांमध्ये दोन ते सहा महिन्यांचं अंतर असतं. चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा आणि टोचल्यावर दोन दिवस बाहेरची कामं ठेवू नका.

मामींना सा. न.

तुमची भाची