पितळेच्या गावाहून पितळेच्या गावाला

जर्मनीत आखेनला धातुशास्त्र शिकत होतो तेव्हा शनिवार-रविवार फिरण्यासाठीच असत. रविवारी दुकानं बंद, प्रयोगशाळेला कुलूप, आणि हातात विद्यार्थ्यांचं सेमिस्टर तिकीट. त्यावर अख्ख्या नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालिया राज्यात रेल्वेने हिंडता येई. शिवाय आखेन अगदी सरहद्दीवरचं. जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स जिथे एकमेकांना भिडतात ती टेकडी शहराच्या वेशीवरच आहे.

सुरुवातीला सगळे जातात तिथे मीही गेलो. कोलोनच्या कॅथेड्रलचा पाया १२४८ सालचा. मध्ये शतकानुशतकं काम ठप्प होतं आणि ते पुरं झालं १८८० साली. दक्षिण मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या चढून वर गेलो, ऱ्हाईन पाहिली, आनंद झाला. पण मन गुंतलं ते श्टोलबर्गमध्ये. आखेनपासून रेल्वेने पाव तासावरचं हे गाव. आमच्या वर्गातलं कुणी तिथे मुद्दाम गेल्याचं मला आठवत नाही.

श्टोलबर्ग पितळेचं गाव आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून आखेनचे प्रोटेस्टंट पितळकार धर्माच्या जाचाला आणि व्यवसायसंघाच्या बंधनांना कंटाळून इथे फिश्ट नदीकाठी येऊन वसले. हातोडे पाण्याच्या जोरावर चालत, कोळसा जंगलातून मिळे, आणि जमिनीत गालमाय नावाचं जस्ताचं खनिज होतं. तांबं तेवढं बाहेरून आणावं लागे. जस्त वेगळं काढणं त्यांना तेव्हा जमत नव्हतं. म्हणून तांब्याचे तुकडे, गालमायची भुकटी आणि कोळशाची पूड मुशीत एकत्र तापवत. जस्ताची वाफ तांब्यात मुरली की पितळ तयार. (जस्त गाळून काढण्याची विद्या राजस्थानातल्या झावरला युरोपच्या शतकानुशतकं आधी होती, हे तिथे उभं असताना मोठ्या अभिमानाने आठवलं.) त्या उस्तादांचे वाडे अजून शाबूत आहेत. त्यांना कुप्फरहोफ म्हणतात. दगडी भिंती, मधोमध चौक, आणि एकाच आवारात राहतं घर, कारखाना, गोदाम.

गावाबाहेरच्या जुन्या खाणींच्या माळावर मे महिन्यात एक पिवळं रानफूल फुलतं. जस्त मुरलेल्या ज्या मातीत इतर झाडं तग धरत नाहीत, तिथेच ते वाढतं. मी गुडघ्यावर बसून पाहिलं. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडंसं मोठं, खालच्या पाकळीवर पेनाने ओढाव्यात तशा काळ्या रेघा. जमिनीतली धातू पानाफुलांपर्यंत अशी चढलेली मी आधी कुठे पाहिली नव्हती.

याच गावात प्रिम नावाची कंपनी आहे. १५३० साली आखेनमध्ये तिचा आरंभ झाला आणि १६४२ मध्ये ती श्टोलबर्गला आली. पुढे तिने टिचबटणं काढली. पितळेच्या कामात बेल्जियममधलं दिनाँ हे गाव तर श्टोलबर्गहून जुनं. तिथल्या पितळी कामाला युरोपभर गावाचंच नाव मिळालं होतं. १४६६ साली बर्गंडीच्या फौजांनी गाव उद्ध्वस्त केलं, कारागीर पांगले. त्याच गावात १८१४ साली अडॉल्फ साक्स जन्मला आणि त्याने पितळेचं सॅक्सोफोन बनवलं.

हे सगळं पाहताना माझ्या डोळ्यांसमोर भंडारा होता. आमचं गाव पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं. लेकीच्या आंदणात गुंड, गंज, कोपर, गंगाळ द्यायची रीत होती. मग स्टील आलं, पाठोपाठ प्लास्टिक, आणि ठोक्यांचे आवाज विरळ होत गेले. सुटीत घरी आलो तेव्हा मी एका कारागिराच्या पडवीत जाऊन बसलो. लोखंडी खुंटावर गुंड पालथा घालून तो मठारत होता. ठोका पडला की डाव्या हाताने गुंड केसभर सरकवायचा, पुढचा ठोका मागच्याला चिकटूनच पडायचा. नजर हातोडीवर नव्हतीच; कान आवाजावर होता. पत्रा कुठे जाड, कुठे पातळ, हे त्याला नादावरून कळत होतं. मी म्हणालो, "काका, असं काम पाहायला लोक तिकडे रेल्वेने जातात." तो म्हणाला, "इथं पाहाले कोन येते बाबू?"

श्टोलबर्गमध्ये जुने उद्योग दाखवणारं सुरेख संग्रहालय आहे. मात्र मठारणारा हात मला तिथे कुठे दिसला नाही. भंडाऱ्यात तो हात अजून आहे, आणि त्याच्यासाठी असं काही उभं केलेलं मला दिसलं नाही. एखादी जुनी पडवी राखावी, कामाची नोंद व्हावी, कॉलेजच्या मुलांनी तिथे बसून शिकावं, नव्या वापराची वस्तू सुचवावी. टिचबटण कुणाला तरी सुचलंच होतं ना!

नागपूरहून भंडारा साठेक किलोमीटर. एखाद्या शनिवारी सकाळी निघा. पितळेचं काम चालतं तिथे घटकाभर बसा, परवडेल ते भांडं हातात घेऊन बघा आणि विकत घ्या. दुपारी वैनगंगेकाठी पवनीला जा. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप सापडला आहे. परदेशी शिकणाऱ्या मुलांनो, सुटीत घरी आलात की एक शनिवार आपल्या जिल्ह्यासाठी राखून ठेवा, आणि तो कारागीर काम करतोय तोवर या.