कवाड लावले, पण कडी नाही घातली

एक दिवस गुरुजींनी आम्हाला विचारले, “बंद करणे याला इंग्रजीत काय म्हणतात?” आम्ही सगळे एकदम ओरडलो, “क्लोज!” गुरुजी हसून म्हणाले, “मग दिवा पण क्लोजच करणार का रे?” सगळे गप्प बसले.

आम्ही पहिलीपासून इंग्रजी शिकतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आले. त्याच्या आधी पाचवीपासून होते. म्हणून माझ्या आईला चौथीपर्यंत इंग्रजी नव्हतेच.

गुरुजींनी फळ्यावर शब्द लिहून दिले. दार क्लोज करायचे नाहीतर शट करायचे, दोन्ही चालते. पण कुणाला शट अप म्हटले तर ते उद्धटपणाचे होते. दिवा आणि पंखा स्विच ऑफ करायचा. नळ टर्न ऑफ करायचा. जाळ विझवायचा तर पुट आउट. कुलपाला लॉक म्हणतात आणि कुलूप लावण्यालाही लॉकच म्हणतात. कडी घालणे, पट्टा अडकवणे म्हणजे फासन. त्याच्या स्पेलिंगमध्ये टी आहे, पण तो बोलायचा नाही.

घरी येऊन मी आजीला हे सांगितले. आजी म्हणाली, “त्यात काय नवल? आपल्यात बी हायतच की.” मग ती एकेक सांगू लागली. दार लावायचे, डोळे मिटायचे, भांडे झाकायचे, दिवा मालवायचा, बाटलीला बूच मारायचे, पोत्याचे तोंड शिवायचे. आणि रात्री दुकान बंद केले असे म्हणायचे नाही, दुकान वाढवले म्हणायचे. बंद म्हटले तर धंदाच बंद पडेल, असे जुन्या माणसांना वाटते. मला हे फार आवडले.

पण फासन हा शब्द ऐकल्यापासून माझ्या पोटात कसेतरी होत होते. त्याचे कारण आता सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेळीला एक करडू झाले होते. पांढरे होते आणि कपाळावर काळा ठिपका होता. ते मोठे झाले की बाजारात विकून ताईला सायकल घ्यायची, असे आण्णांनी ठरवले होते. ताईची शाळा लांब आहे. एका संध्याकाळी आई म्हणाली, “सपराचं कवाड लाव रं.” मी कवाड नुसते ढकलले आणि खेळायला पळालो. कडी घातली नाही.

सकाळी कवाड उघडे होते आणि करडू नव्हते. ओढ्याकडे लांडग्याची पावले दिसली. शेळी दोन दिवस ओरडत होती. वाऱ्याने कडी निघाली असेल, असे आई म्हणाली. मी काहीच बोललो नाही. ताई अजून चालतच शाळेला जाते.

त्या दिवशी रात्री मी आईला खरे सांगितले. “आई, मी कवाड क्लोज केलं होतं, पण फासन केलं नव्हतं,” असे म्हणालो आणि मला रडू आले. आईला ते शब्द कळले नाहीत, पण बाकीचे कळले. ती मला रागावली नाही. म्हणाली, “तवाच सांगायचं हुतंस की लेकरा.” ताई मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आमच्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या राज्यात १९३९ साली कैद्यांसाठी ही खुली वसाहत सुरू झाली. तिथे कैद्यांनी शेती करायची आणि बायकामुलांसह राहायचे. त्यावरून १९५७ साली व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा काढला. त्याची कथा आपल्या माणदेशाच्या ग. दि. माडगूळकरांनी लिहिली. मी गुरुजींना विचारले, “लॉक केलं नाही तर कैदी पळून जात नाहीत का?” गुरुजी म्हणाले, “माणसावर विश्वास टाकला की बहुतेक माणसं तो मोडत नाहीत.”

आईनेही माझ्यावर विश्वास टाकला होता. अजूनही सपराचे कवाड लावायचे काम तिने माझ्याकडेच ठेवले आहे. मी रोज कडी घालतो आणि एकदा ओढून बघतो. मग घरात जातो.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी